सुरतेत एकच दिवस थांबायचं होतं

२० सप्टें. ९४, मंगळ. डिंडोली, सुरत.

बारडोलीहून सकाळी निघालो, साडेअकराला कमलताईंच्या दारात. आठवा दिवस. अकोल्यापासूनचे कि.मी. वसंतच्या वहीत आहेत, माझ्या मांड्यांत आहेत.

उद्या विश्रांती. सगळ्या प्रवासात ठरवून ठेवलेला एकच सुट्टीचा दिवस. परवा भरूचचा रस्ता, २ ऑक्टो.ला पोरबंदर. आमच्या मूकबधिर शाळेतल्या मुलींना स्वतःचं वसतिगृह व्हावं म्हणून हा उद्योग. गावोगाव थांबायचं, शाळेबद्दल बोलायचं, पत्रकं द्यायची. वसंत म्हणतो, बोलणं तू कर, पंक्चर मी काढतो. नवरा माझा एस.टी. वर्कशॉपचा माणूस, भाषणाला उभं केलं की घाम फुटतो.

कमलताई वसंतची मावसबहीण, वयाने मोठ्या. मूळ पारोळ्याच्या. त्यांचे यजमान एकनाथराव उधन्याला लूमवर आहेत, वीस वर्षं झाली. दोन खोल्या, पुढे ओटा. दोघंच राहतात. मुलगी नाशकाला दिलेली. आम्ही येणार म्हणून ओटा सारवून ठेवला होता.

रस्त्यात पुराचा गाळ अजून तसाच. ढिगाऱ्यांतून कुत्री. वास. नाकाला ओढणी लावून सायकल चालवता येत नाही, त्यामुळे सवय झाली.

पल्लवीला कार्ड टाकलं. लेक सतरा वर्षांची झाली, सायकल माझ्यापेक्षा चांगली चालवते, तिलाही यायचं होतं. नाही म्हटलं. मागून येणारा ट्रक तिला ऐकू येत नाही. आम्ही परत जाईपर्यंत वसतिगृहाच्या भाड्याच्या खोल्यांत वॉर्डनबाईंपाशी राहील. निघताना तिने माझ्याकडे बघितलंच नाही. आमच्या घरी बघायचं नाही म्हणजे बोलायचं नाही.

२१ सप्टें., बुध. विश्रांती.

सातपर्यंत झोपले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच असेल. कमलताईंनी उठवलं नाही.

कपडे धुतले. वसंतने दोन्ही सायकली उलट्या करून चेन रॉकेलमध्ये बुडवल्या. कॉलनीतल्या बायका मला बघायला आल्या. एकीने विचारलं, पातळ नेसून चालवता? पंजाबी ड्रेस दाखवला तर म्हणाली, ह्या वयात? मग स्वतःच सायकलवर बसून बघितलं तिने. पाय पोचेनात.

कळण्याची भाकरी, ठेचा, वर शेंगदाण्याचं तेल. वसंतने चार खाल्ल्या.

दुपारी एकनाथराव लूम दाखवायला घेऊन गेले. आत गेल्यावर कानात काही शिरतच नाही, सगळा खडखडाट. आणि माणसं हातांनी बोलत होती! धागा तुटला - दोन बोटांची कात्री. कांडी संपली - अंगठा खाली. मालक आला - पोटावरून गोल हात. मी शाळेत अठरा वर्षं हेच करतेय, माझं मलाच हसू आलं. मी खुणेने विचारलं, जेवलात का. पलीकडच्या मागावरच्या माणसाने लगेच खुणेने सांगितलं, जेवलो, तुम्ही? पल्लवीला इथे आणायलाच हवं.

एकनाथरावांना कमी ऐकू येतं हे घरी लक्षात आलं नव्हतं. कमलताई मोठ्याने का बोलतात ते आज कळलं.

रात्री जेवणं झाली. एकनाथराव म्हणाले, नदीकडच्या वस्तीत त्यांच्याबरोबरचा एक कारागीर कालपर्यंत कामावर होता, आज गेला. ताप, खोकला, तोंडातून रक्त. त्याच चाळीतला आणखी एक गेला. कमलताईंनी विषय बदलला. मीही. वसंत म्हणाला, न्यूमोनिया असेल.

सकाळी सहाला निघायचं. पिशव्या बांधून झाल्या.

२२ सप्टें., गुरु.

निघालो नाही. वसंतचं अंग दुखतंय. घसाही. म्हणाला, आठ दिवसांचा शीण आज बाहेर पडला, एक दिवस जास्त थांबू, पुढे भरून काढू. टेंप. ९९. क्रोसीन दिली.

दु. - बाराच्या सुमाराला काहीतरी वेगळं वाटलं, काय ते कळेना. मग लक्षात आलं, मागच्या गल्लीतले लूम बंद. दोन दिवस भिंतीतून येणारा आवाज थांबला होता. कमलताई पोळपाटावर हात ठेवून तशाच उभ्या.

एकनाथराव परत आले. हातात गुजराती पेपर. प्लेग.

मला तो शब्द फक्त पुस्तकातला माहीत. कमलताईंची आजी सांगायची म्हणे, गाव मोकळं करून लोक शेतात राहायला जायचे, मेलेला उंदीर दिसला की चूल विझवायची आणि निघायचं. हे सांगताना त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघितलं. मग आम्ही तिघींनी, म्हणजे मी, त्या आणि शेजारीण, घरातलं सगळं सामान ओट्यावर काढून खोल्या झाडल्या. उंदीर नव्हता.

कोणी म्हणतं पाण्यात आहे, कोणी हवेत. मेलेल्यांचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. कॅप्सूल घ्यायची म्हणतात, टेट्रासायक्लीन. कोपऱ्यावरचं मेडिकल बंद. त्याच्या पुढचंही. डॉक्टरच्या दारावर कुलूप, खाली चपला काढायची पाटी तशीच.

एस.टी.डी.वर रांग. प्रत्येकजण तोंडाला रुमाल बांधून फोनच्या भोकात ओरडत होता. माझा नंबर आल्यावर मी तो रिसीव्हर ओढणीने पुसला. वॉर्डनबाई फोनवर आल्या. पल्लवीला बोलावून त्या माझं बोलणं पाटीवर लिहून दाखवणार, ती उत्तर लिहिणार, त्या वाचणार. मी सांगितलं, आम्ही मजेत, पाऊस आहे म्हणून थांबलोय. मग बाईंनी वाचलं: इकडे आकाश कोरडं आहे, तिकडे कसा पाऊस?

पाऊस नव्हताच.

२३ सप्टें., शुक्र.

सकाळी ओट्यावर आले तर रस्ता माणसांनी भरलेला. सगळे स्टेशनकडे. डोक्यावर पेटी, कडेवर पोर, हातात स्टोव्ह. एका बाईच्या हातात शिवणयंत्राचं नुसतं डोकं. फक्त चपलांचा आवाज.

वसंत उठला आणि खोकला. घरातले सगळे थांबले. चहाचं आधण उकळत राहिलं, कोणी ते उतरवेना. मी थर्मामीटर लावला. एकशे एक.

एकनाथराव त्याच्याकडे न बघता म्हणाले की आज पारोळ्याला निघायचं ठरलंय, कॉलनीतले सगळे चाललेत. आम्हीही यावं असं ते म्हणाले नाहीत. म्हणणार होते, मला माहीत आहे. ताप बघून थांबले. त्यांच्या जागी मी असते तर मीही थांबले असते. पारोळ्याच्या घरी त्यांच्या भावाची लहान पोरं आहेत.

कमलताई मात्र भिंतीला टेकून बसल्या त्या उठेनात. सारख्या एकच म्हणत होत्या, "भाऊले सोडीसन मी कशी जाऊ?"

वसंत आतून म्हणाला, ताई, जा तू. शैला आहे ना.

त्या आत जायला निघाल्या, एकनाथरावांनी दंड धरला. जोरात नाही. त्या उंबऱ्यापाशी उभ्या राहून भावाकडे बघत राहिल्या. मग माझ्या हातात किल्ली दिली. "हाई घर तुन्हंच शे. पीठ डब्यात शे." एकनाथरावांनी खिशातून कॅप्सूलची पाकिटं काढली, शेडच्या मालकाने वाटलेली. अर्धी मोजून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. त्यांच्यातली अर्धी. मी हात पुढे केला होता, पण त्यांनी कट्ट्यावर ठेवली.

साडेदहाला गेले.

सं. - गल्लीत आम्हीच. समोरच्यांची शेळी बांधलेली राहिली होती, सोडली.

कॅप्सूल दिली त्याला, मीही घेतली. टेंप. १०२. खोकला कोरडा. छातीत उजवीकडे दुखतं म्हणतो. सरकारी दवाखान्यात जाऊ म्हटलं तर हात झटकला. गल्लीतून जाताना लोक बोलत होते ते त्यानेही ऐकलंय, तिथे नेलेला परत येत नाही, अंगावर पावडर टाकून परस्पर जाळतात.

मग म्हणाला, "तू उद्या सकाळी सायकल घे आणि नीघ. नवापूरपर्यंत दोन दिवस लागतील. पल्लवीला एक तरी पाहिजे."

मी म्हटलं, गप बस.

"मी विचार करून बोलतोय, शैला."

इथे खरं लिहायचं म्हणून लिहिते. मी बाहेर आले. माझ्या सायकलपाशी गेले. टायर दाबून बघितला. हवा बरोबर होती. पिशवी परवापासून बांधलेलीच. मी हँडलवर हात ठेवून उभी राहिले, किती वेळ ते ठाऊक नाही. पोरीला एक तरी पाहिजे हे खरंच आहे ना. तेवढ्यात तो आत खोकला, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते असं की हा आता माझ्या अंगावर खोकलेला नाही, मी बाहेर आहे.

नंतर आत गेले. पाणी दिलं.

२४ सप्टें., शनि. दवाखान्याचं आवार.

सकाळी तो थुंकला त्यात लाल रेघ. दोऱ्याएवढी. त्याने पायाने माती ओढायचा प्रयत्न केला. मी बघितलं होतं.

मग विचारलं नाही. रिक्षा नाही, माणूस नाही. माझ्या सायकलच्या कॅरियरवर चादरीची घडी बांधली. त्याला बसवला, ओढणीने माझ्या कमरेशी बांधला, तोंडाला रुमाल, माझ्याही. एवढा उंच माणूस, पण वजन लागलं नाही पहिल्यांदा. मग लागलं. त्याचं कपाळ माझ्या पाठीवर, कापडातून भाजत होतं. पाय घासू नयेत म्हणून तो उचलून धरायचा, थकला की टाकायचा, तेव्हा सायकल डुलायची. रेल्वे ओलांडायला उतरले, ढकलत नेली. समोरून माणसांनी भरलेले ट्रक. आमच्या दिशेने जाणारं कोणीच नव्हतं. एका ट्रकमधल्या बाईने आम्हाला बघून आपल्या लेकराचं तोंड दुसरीकडे वळवलं.

उधन्याच्या शेडांची दारं बंद. कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा पेटवलेला, त्याचा धूर. वसंत पाठीमागून काहीतरी म्हणाला. काय, विचारलं. म्हणाला, गिअर नाही, चेन सुटेल, हळू.

दवाखान्यात दार उघडं होतं. डॉक्टर होते. एवढं बघूनच मला रडू आलं. कोवळा मुलगा, डोळे तेवढे दिसत होते, लाल. हिंदीत विचारलं, बुखार कधीपासून, कुठून आलात, कोणाच्या संपर्कात. मी अकोल्यापासून सायकलने म्हटल्यावर त्याने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. पुन्हा विचारलं नाही.

एक्स-रे, थुंकी, रक्त. नेलं आत. मला कॅप्सूल दिल्या, वेळा लिहून दिल्या. मी त्यांच्या मागे निघाले तर नर्सने अडवलं, "बेन, बहार बेसो." आवाज वाईट नव्हता.

बाहेर झाडाखाली बसले. दोन तासांनी वॉर्डच्या मागच्या बाजूला गेले. लांब खिडक्या, काचा बंद. एकेका काचेतून बघत गेले. चौथ्या खिडकीत तो. हाताला सलाईन. मला बघून बोलायला लागला, काच, तोंडावर मास्क, काही कळेना. मग थांबला. डावा हात मोकळा होता. गालावर बोट टेकवलं. पल्लवीची खूण, तिची खळी. आणि तळहात आडवा हलवला - सांगू नको.

घरात आम्ही दोघंच असलो की तोंडाने बोलतो. पल्लवी असली की हातांनी. ती नसताना हातांनी बोललो ते आज पहिल्यांदा.

२५ सप्टें., रवि.

आवारातच आहे. मंडपाखाली आठ-दहा बायका, सगळ्यांची माणसं आत. कोणी कोणाजवळ बसत नाही. प्रत्येकीने आपल्याभोवती मोकळी जागा ठेवलीय.

स. ८ - खिडकी. ताप? - १००. भूक? - नाही. रक्त? - त्याने खांदे उडवले. खोटं बोलताना तो तसंच करतो.

दु. ४ - खिडकी. पेज प्यायला. शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याच्याकडे बघून हसत होता, आमच्या हातवाऱ्यांना. त्याने मलाही हात केला.

फोनला रांग नाही आता. शहरात फोन करायला कोणी उरलंच नाही. वॉर्डनबाई म्हणाल्या, पेपरमध्ये सगळं आलंय, पल्लवीने वाचलंय, पाऊस वगैरे सांगू नका. म्हणून सांगितलं. बाबांना ताप आहे, दवाखान्यात आहेत, उपचार चालू आहेत, बंद काचेतून आम्ही हातांनी बोलतो, मी बरी आहे. तू तिथेच राहा. हे शेवटचं दोनदा लिहायला लावलं. तिचं उत्तर काय, विचारलं. बाई म्हणाल्या, काही लिहीत नाही, पाटीकडे बघत बसलीय. मग म्हणाल्या, उठून गेली.

शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ तिथेच होते. त्यांनी फोन घेतला. धीर दिला. नंतर म्हणाले की परत आल्यावर काही दिवस शाळेत येऊ नका, पालक घाबरलेत. बरोबरच आहे, म्हटलं. रिसीव्हर ठेवल्यावर माझे हात बघितले. स्वच्छ होते.

२६ सप्टें., सोम.

शेजारची खाट रिकामी. काल हसलेला माणूस. चादरही नाही, नुसती गादी गुंडाळलेली. वसंतला विचारलं. त्याने दोन बोटं चालवून दाखवली - चालत गेला, पळाला. चादर काढून नेलेली मला दिसत होती, तरी मी मान डोलावली. पळालाही असेल. सकाळपासून दोघं-तिघं पळालेत खरंच, मंडपातली एक बाईही दिसत नाही.

वसंतला खूण केली, तू पळायचं नाही. तो म्हणाला, कोणाच्या कॅरियरवर?

मी हसले असावे. बाकीच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

रिपोर्ट नाही. थुंकी कुठेतरी दुसऱ्या गावी पाठवलीय म्हणतात.

दु. - घसा खवखवतोय. टेंप. ९८.६. अर्ध्या तासाने पुन्हा ९८.६. धुराने असेल, सगळीकडे जाळतायत. थर्मामीटर इतक्या वेळा झटकला की मनगट दुखतंय. खोकला येतो का म्हणून मुद्दाम खोकून बघितलं, त्याने आणखी खवखवलं.

गेलेल्या माणसाचं नाव विचारलं नव्हतं.

२७ सप्टें., मंगळ.

डॉक्टरांनी स्वतः बोलावलं. ताप उतरलाय. छातीत डाग आहे, कमी होतोय. मी विचारलं, प्लेग आहे का? ते म्हणाले, लक्षणं आहेत, पण पक्कं सांगता येत नाही, साधा न्यूमोनियाही असू शकतो, औषध वेळेवर सुरू झालं हे महत्त्वाचं. मी विचारलं, मला? ते म्हणाले, कॅप्सूल चालू ठेवा, आठवडा जाऊ द्या, तोपर्यंत कोणाच्या फार जवळ जाऊ नका.

आठवडा कधीपासून धरायचा? शनिवारी त्याचं तोंड माझ्या पाठीला होतं.

तरी पाय हलके झाले. खिडकीपाशी गेले, त्याला सांगितलं, उतरलाय. त्याने नमस्कार केला, मला की डॉक्टरांना कोण जाणे. दाढी वाढलीय. म्हातारा दिसतो.

दुपारी आनंदाने फोन केला. वॉर्डनबाईंचा आवाज ऐकूनच कळलं. पल्लवी पहाटेपासून खोल्यांत नाही. उशीखाली चिठ्ठी. बाईंनी वाचून दाखवली: "तुम्ही सगळे मला घाबरू नको म्हणता. मी घाबरले आहे, म्हणून जाते आहे. बाबांचं बोलणं आईला एकटीला कळणार नाही."

स्टेशनवर माणूस पाठवला होता. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत एकटी मुलगी चढली असं कोणीतरी सांगितलं.

मी तिला लहानपणापासून एकटीला कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा पाठवलं नाही. भुसावळला गाडी बदलायची. प्लॅटफॉर्म बदलला तर घोषणा तिला ऐकू जाणार नाही. कोणी मागून हाक मारली, कोणी ओरडून सांगितलं की पोरी, सुरतेला जाऊ नको, तरी ती चालतच राहणार. सगळं जग इकडून तिकडे पळतंय आणि माझी पोर तिकडून इकडे.

डिंडोलीचा पत्ता तिच्याकडे आहे. मीच निघताना लिहून दिला होता, सगळ्या मुक्कामांची यादी. पण तिथे कुलूप.

खिडकीत जाऊन वसंतला सांगू की नको, दहा मिनिटं उभी. त्याला दिसलंच माझ्या तोंडावर. सांगितलं. गालावर बोट, मग आगगाडी, मग इथे. त्याचा हात हवेत राहिला. मग त्याने मला खिडकीवरून हाकललं, जा, स्टेशन, जा.

कमलताईंच्या दारावर खडूने लिहून आले: पल्लवी, इथेच ओट्यावर बस. आई.

सं. - उधना. भुसावळहून आलेली गाडी बघितली. डब्यांच्या खिडक्या बंद. मोजकीच माणसं उतरली, सगळी पुरुष. पलीकडच्या फलाटावर उलट जाणाऱ्या गाडीला माणसं टपापर्यंत. दोन्हीकडे शोधलं. ती चुकून सुरतेपर्यंत गेली असेल म्हणून सायकल काढली, मोठं स्टेशनही बघितलं. नाही. ओट्यावरही नाही.

२८ सप्टें., बुध. उधना स्टेशन, सकाळ.

बाकावर बसून लिहितेय. स्टेशनमास्तरांनी बसू दिलं. भुसावळची पॅसेंजर दीड तास लेट. नंदुरबार सुटल्याचा निरोप आहे, तिथे थांबवून ठेवली होती म्हणे.

सकाळी वसंतला खिडकीत बघून आले. उठून बसला होता. परवापर्यंत सोडतील. कागदावर आजाराचं नाव काय लिहिणार, विचारलं. नर्स म्हणाली, फक्त ताप.

टेंप. ९९. पावणेआठला. सायकल चालवून आले होते त्यामुळे असेल. आठला ९८.८. त्यानंतर बघितलं नाही. थर्मामीटर पिशवीत तळाशी ठेवलाय.

घसा तसाच.

काल संध्याकाळपासून एकच विचार. ती आली तर काय करायचं. आधी वाटत होतं, मिठीत घ्यायचं. मग डॉक्टरांचं आठवलं. ती डब्यातून उतरेल, मला शोधेल, दिसले की पळत येईल. ती थांबत नाही, लहानपणापासून. मी ओरडून काही होणार नाही. तिने माझे हात बघितले तरच. ते सुद्धा पळताना बघितले तर.

दोन खुणा येतात मला. ये. आणि थांब, तिथेच थांब, जवळ नको. दुसरी केली तर तिला काय वाटेल तेही माहीत आहे. अकोल्याहून एकटी आली आणि आईने हात पुढे करून अडवलं. तिथल्या तिथे समजावून सांगायला वेळ लागेल, ती तेवढं बघेल का माझ्याकडे? की मान फिरवेल?

आणि पहिली केली तर.

पलीकडच्या फलाटावर एक बाई रुमाल सोडून पाणी पितेय, पुन्हा बांधतेय.

सिग्नल पडला. लोक उठले. मी फलाटाच्या मधोमध येऊन उभी राहिलेय, खांबापासून लांब, दिसावं म्हणून. इंजिन दिसतंय. दारात कोणीतरी आहे, तिसऱ्या की चौथ्या डब्याच्या, बाहेर वाकून. पोरगी आहे. ती की

वही ठेवते. हात मोकळे हवेत.